दोन डोळे, बारा हात आणि नोकरीची मुलाखत

(शहागड येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्नही दिले आहेत.)



विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की आज सिनेमावर बोलणार, मग त्यात नोकरीची मुलाखत कुठून आली? सांगतो. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा १९५७चा सिनेमा तुमच्यातल्या ज्येष्ठांनी थेटरात पाहिला असेल, बाकीच्यांनी मोबाईलवर. या सिनेमाबद्दल आपण साधारण काय म्हणतो? माणसातल्या चांगुलपणावरचा सिनेमा, गांधीविचाराचा सिनेमा, त्यातली प्रार्थना शाळेशाळेत म्हटली जाते. हे सगळं खरंच आहे. पण मला हा सिनेमा गेली काही वर्षं वेगळाच दिसतो. मला तो माणूस कामावर घेण्याबद्दलचा सिनेमा वाटतो. एक माणूस आहे, त्याला एक काम उभं करायचंय, आणि त्यासाठी तो सहा माणसं निवडतो. निवडतो कुठून, तर जिथून कुणीही निवडणार नाही तिथून, तुरुंगातून. सहाही जण खुनाच्या गुन्ह्यातले.

आता हा प्रश्न मला का पडला, ते आधी सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, याला कुठलाही सिनेमा द्या, हा त्यात मॅनेजमेंट शोधतो.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत निवड समितीवर बसलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, जागा साधी होती, कार्यालयात हिशोब आणि नोंदी ठेवण्याची. शेवटी दोन मुलं उरली. एकाचा कागद स्वच्छ. दहावी, बारावी, बी.कॉम., सगळं वेळेवर, सगळीकडे प्रथम श्रेणी. दुसऱ्याच्या कागदात भोकं होती. बारावी दोन वर्षं उशिरा. मध्ये एक वर्ष काहीच नाही. आमच्यापैकी एकानं विचारलं, "हा गॅप कशाचा?" मुलगा म्हणाला, "घरी अडचण होती." आम्ही 'बरं' म्हणालो आणि पुढे गेलो.

नंतर कळलं. घरचा कोयता. आईवडील दिवाळीच्या सुमारास फडावर जायचे ते उन्हाळ्यात परत. वडिलांचं दुखणं निघालं आणि त्या साली उचल फेडायला हा गेला. सोळा-सतराव्या वर्षी. आणि तिथे टोळीतला शिकलेला एवढाच, म्हणून कुणाची उचल किती, कुणाच्या किती खेपा झाल्या, किती टन, कापून किती राहिले, हे सगळं तोच मांडून ठेवायचा. मुकादमाच्या हिशोबाशी ताडून बघायचा. आता बघा, आम्हाला हिशोब ठेवणारा माणूस हवा होता. आणि ज्या वर्षी तो खरोखर हिशोब ठेवत होता, पोटाशी संबंध असलेला हिशोब, तेच वर्ष आमच्या कागदावर 'गॅप' म्हणून लिहिलेलं होतं.

आम्ही पहिल्या मुलाला घेतलं. आणि तो चांगला निघाला. तो वाईट निघाला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. पण तो नीट काम करतो, आजही. मग आमचं चुकलं काय? चुकलं हे, की दुसऱ्याला आम्ही पाहिलंच नाही, आम्ही त्याच्यातली भोकं पाहिली. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ही चूक कधी उघडकीला येत नाही. ज्याला घेतलं त्याचा निकाल लागतो. ज्याला नाकारलं त्याचा निकाल कधीच लागत नाही. म्हणून निवड करणारा माणूस वीस-वीस वर्षं त्या खुर्चीत बसतो आणि त्याला वाटतं, आपली नजर पक्की आहे.

नजर हा शब्द आला. आता सिनेमाकडे येऊ.

सिनेमातला जेलर आदिनाथ, शांतारामबापूंनी स्वतः केलेला. तो सहा कैद्यांना घेऊन एका ओसाड माळावर जातो. बेड्या नाहीत, पहारेकरी नाहीत. तिथे ते जमीन फोडतात, भाजीपाला पिकवतात, बाजारात नेऊन विकतात. मध्ये पळूनही जातात, पण आदिनाथचे डोळे त्यांच्या मनातून जात नाहीत, ते परत येतात. त्यांचा रास्त भाव बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याला खुपतो. तो आधी यांना मार खायला लावतो, आणि यांनी हात उचलायचा नाही असं वचन दिलेलं असतं. मग पिकात बैल घातले जातात, आणि ते पीक वाचवताना आदिनाथ मरतो. त्या बैलाच्या प्रसंगाचं चित्रीकरण करताना शांतारामांच्या डोळ्यांना खरोखरची इजा झाली होती. १९५८मध्ये या सिनेमाला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. त्याआधी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक.

निवडीच्या दृष्टीनं या सिनेमात काय चांगलं आहे, ते आधी बघू. माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली. आदिनाथ दोष लपवत नाही आणि नाकारतही नाही. फाईल त्याला माहीत आहे. तो 'हे निर्दोष आहेत' असं म्हणत नाही. आपल्याकडे दोन टोकं असतात. एक, दोष दिसला की बाद. दुसरं, 'जाऊ द्या हो, पोरगं चांगलं आहे', म्हणजे दोषाकडे डोळेझाक. आदिनाथ दोन्ही करत नाही. तो म्हणतो, दोष माहीत आहे, आता पुढचं बोलू.

दुसरी. तो त्यांना खरं काम देतो. प्रवचन देऊन सोडत नाही. जमीन खोटं बोलत नाही. भेंडी आली तर आली, नाही तर नाही. माणूस वाढला की नाही, हे ठरवायला तिथे साहेबाचं मत लागत नाही, पीक दिसतं.

तिसरी. तो स्वतः त्याच मातीत राहतो. जिल्ह्याच्या गावाला बसून अहवाल मागवत नाही. आणि माणसं चुकली, पळाली, तरी पहिल्या चुकीला योजना गुंडाळत नाही.

एवढं झाल्यावर आता टीका. कारण मला हा सिनेमा आवडतो, आणि आवडत्या गोष्टीची टीका नीट करावी लागते.

माझा पहिला आक्षेप असा की हे सहा जण सिनेमाभर जवळजवळ एकच माणूस आहेत. शीर्षकच बघा. बारा हात. सहा डोकी नाहीत, बारा हात. डोळे दोनच, ते आदिनाथचे. पाहायचं काम एकाचं, राबायचं काम सहांचं. कुणाला बियाण्याची जाण जास्त, कुणाला बाजारातली बोली जमते, कुणाला चार माणसं सांभाळता येतात, असं काही वेगळं फारसं दिसत नाही. वाढतं काय, तर आज्ञाधारकपणा. सुरुवातीला ते ऐकत नाहीत, शेवटी ऐकतात. ही सुधारणा आहे, मान्य. पण वाढ आहे का? वाढ म्हणजे काल जो निर्णय मला घेता येत नव्हता तो आज घेता येणं. या सहांपैकी एकालाही आदिनाथ असं म्हणत नाही, की उद्यापासून वाफे कुठे टाकायचे ते तू ठरव.

दुसरा आक्षेप त्या डोळ्यांबद्दल. पळालेले लोक परत येतात ते कामाची गोडी लागली म्हणून नाही, डोळे आठवतात म्हणून. सिनेमा म्हणून तो प्रसंग जबरदस्त आहे, अंगावर येतो. पण विचार करा, ज्या माणसाला चांगलं वागायला कुणाचे तरी डोळे लागतात, तो माणूस वाढला की त्याची कोठडी फक्त आत गेली? आजकाल दुकानात, गोडाऊनला, शाळेत कॅमेरे बसवले आहेत. ते डोळेच आहेत की. फरक एवढाच, की आदिनाथच्या डोळ्यात माया होती.

तिसरा आक्षेप चंपाबद्दल. संध्याबाईंची ती भूमिका. खेळणी विकत फिरणारी बाई. ती आली की हे सहा जण पाघळतात, गाणं होतं, जरा विरंगुळा होतो. पण नीट बघा, अख्ख्या सिनेमात स्वतःच्या हुन्नरावर, कुणाच्या नजरेखाली न राहता पोट भरणारी माणूस ती एकटी आहे. बाजार तिला कळतो, माणसं तिला कळतात. भाजी विकायला बाजारात माणूस हवा असताना तिला कामावर घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. सुप्त गुण शोधायला निघालेल्या डोळ्यांना समोरचा उघड गुण दिसत नाही. हे फक्त १९५७मध्ये होत होतं असं समजू नका.

आता हा सिनेमा आला कुठून, ते बघू, म्हणजे आक्षेप जास्त स्पष्ट होईल.

कथा गदिमांची, ग. दि. माडगूळकरांची. त्यांचं गाव माडगुळे, आटपाडी तालुक्यात, आताचा सांगली जिल्हा. तेव्हा हा भाग औंध संस्थानात. आणि याच आटपाडीजवळ १९३९मध्ये स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली, कैद्यांसाठी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनीयर, गांधीजींच्या प्रभावाखाली आलेले, भारतानंद म्हणूनही ओळखले गेले. या फ्रीडमननी औंधच्या राज्यघटनेतही हात घातला होता, राजानं आपली सत्ता गावांच्या हाती द्यायची असा तो प्रयोग होता. स्वतंत्रपुरात कैदी शेती करायचे, बायकामुलांसह राहायचे. ती वसाहत आजही आहे.

फरक लक्षात आला का? सिनेमात केंद्रस्थानी सहा पुरुष आणि एक जेलर. खऱ्या स्वतंत्रपुरात घर आहे, बायको आहे, पोरं आहेत. म्हणजे माणसाला चांगलं ठेवणारी गोष्ट साहेबाचे डोळे ही नव्हती. घरी परत यायला घर होतं. सिनेमाला एक नायक हवा होता म्हणून त्यानं घर मागे ठेवलं आणि डोळे पुढे आणले. कलावंत म्हणून तो हक्क आहेच त्यांचा. पण आपण त्या सिनेमावरून जेव्हा माणसं घडवण्याचा धडा घेतो, तेव्हा मागे ठेवलेलं घर परत मोजलं पाहिजे.

जाता जाता, गदिमा स्वतः मॅट्रिकला अडकलेले. आजची चाळणी लावली असती तर 'गीतरामायण' लिहिणारा माणूस अर्जाच्या पहिल्या पानावर बाद.

औंधचा हाच राजा आणखी एका गोष्टीत आहे, आणि ती तर थेट नोकरीचीच आहे. किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, आणि त्यांना काही रंग ओळखू येत नाहीत असं निघालं. चित्रकाराला रंगांधळेपण! यापेक्षा मोठा दोष काय असतो? पण यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाही. ते तिकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी सुरुवातीला तो नांगर घेईनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा भवानरावांनी जमीन दिली, आणि १९१०मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओसाड माळ, थोडी माणसं. सिनेमातलं चित्र, पण सत्तेचाळीस वर्षं आधी.

आणि माणसं कशी घेतली? किर्लोस्करवाडीच्या इतिहासात ही नावं सांगतात. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक इंजिनीयर झाले. के. के. कुलकर्णी, ज्यांचं आधी कशातच बसलं नव्हतं, ते व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे एकाच वेळी कारकून, कोठीवाले आणि औषधपाणी बघणारे. आणि तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले, ते विश्वासाचे पहारेकरी झाले.

ही यादी आपण फार अभिमानानं सांगतो, आणि सांगावी. त्या काळात शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या हातात कारखान्याची रात्र सोपवणं ही लहान गोष्ट नाही. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही, हेही आहे. पण मंडळी, टीका करायला बसलोय तर यादी पुन्हा एकदा वाचा. सावकाश वाचा. अपुऱ्या शिक्षणाचा दोष असलेले पुढे काय झाले? इंजिनीयर झाले, व्यवस्थापक झाले. गुन्ह्याचा दोष असलेले काय झाले? पहारेकरी. विश्वासाचे, पण पहारेकरी. आडनावं वाचा, मी जास्त सांगत नाही. पहिल्यांच्या नावामागे आडनाव आहे आणि दुसऱ्यांच्या नावामागे जात आहे.

मी लक्ष्मणरावांना दोष देत नाही. आपण बसलोय तिथून मागे बघून बोलणं सोपं असतं. मी एवढंच म्हणतो, की 'आम्ही दोष बघत नाही, वाढ बघतो' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारला पाहिजे: वाढ कुठपर्यंत? छप्पर किती उंचीवर घातलंय? एकाच्या वाढीला आभाळ आणि दुसऱ्याच्या वाढीला देवडी, असं तर नाही ना? दारातून आत घेणं ही अर्धीच गोष्ट झाली. आत जिना आहे की नाही, ही दुसरी अर्धी.

जिना कसा असतो याचं एक उदाहरण सिनेमाच्याच इतिहासातलं देतो. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करायला निघाले. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. तेव्हा मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना दिसले. हॉटेलात महिन्याला दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा दिले. १९१३मध्ये अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता, दोन्ही तेच. आणि पुढे? पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले, छायाचित्रणाचं काम करू लागले. हॉटेलातून पडद्यावर आणि पडद्यावरून यंत्राकडे. हा जिना.

पण यातही आपण उगाच फुलं वाहू नयेत. फाळक्यांना काही दिव्यदृष्टीनं या माणसातला कॅमेरामन दिसला नव्हता. त्यांना बाई मिळत नव्हती, म्हणून त्यांनी नेहमीच्या जागा सोडून दुसरीकडे पाहिलं. गरज होती. मला वाटतं सगळ्या अशा गोष्टींच्या मुळाशी हेच आहे. निर्दोष माणूस मिळत असतो तोवर आपल्याला कुणाचे सुप्त गुण दिसत नाहीत. आणि तुमच्या शहागडसारख्या गावाला हे जास्त लागू आहे. महामार्गावरचं गाव, पूल ओलांडला की गेवराई, इकडे अंबड. दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, कृषी सेवा केंद्रं आहेत, अंकुशनगरला साखर कारखाना आहे. जो मुलगा सगळ्या कागदांनी पक्का आहे तो संभाजीनगरला, पुण्याला जातो. मग इथला मालक म्हणतो, 'चांगली माणसं मिळत नाहीत.' आणि इथला मुलगा म्हणतो, 'सगळे अनुभव मागतात.' दोघं एकाच चौकात चहा पितात.

बरं, मग उलट टोकाला जायचं का? आजकाल मोठ्या कंपन्यांत 'पोटेन्शियल' हा शब्द फार चालतो. स्टॅनफर्डच्या कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचं 'माइंडसेट' हे पुस्तक २००६मध्ये आलं. बुद्धी ही ठरीव वस्तू आहे असं मानणारा माणूस आणि ती मेहनतीनं वाढते असं मानणारा माणूस, यांच्यात फरक पडतो असं त्यांचं साधारण म्हणणं. ठीक आहे. पण ते शब्द मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर त्यांचं काय होतं? 'या मुलात मला स्पार्क दिसतो.' कुणाला दिसतो? ज्याच्याशी बोलताना आपल्याला आपली आठवण होते, त्याच्यात स्पार्क दिसतो. तेच इंग्रजी, तेच विनोद, तसंच आडनाव. गुणपत्रिकेवर निदान आकडा असतो, त्यावर भांडता येतं. स्पार्कवर काय भांडणार? म्हणजे दोष मोजणारी पद्धत वाईट आणि वाढ ओळखणारी पद्धत चांगली, इतकं हे सरळ नाही. बेशिस्त हातात दुसरी पद्धत पहिलीपेक्षा जास्त अन्याय करते.

आणि दुसरा गैरवापर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. 'तुला शिकायला मिळतंय ना, मग पगाराचं काय?' तीन-तीन वर्षं शिकाऊ. आपल्याकडे १९६१चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, त्यात मुदत असते, विद्यावेतन असतं, करार असतो. कारण शिकणं हे कधीतरी संपलं पाहिजे आणि माणूस पूर्ण पगारावर आला पाहिजे. सिनेमातही हा प्रश्न कुणी विचारत नाही, की पिकलेल्या भाजीचे पैसे कुणाचे?

मग माणसातली वाढ ओळखायची कशी? मला वाटतं याचं उत्तर जालना जिल्ह्यानं मला शिकवायची गरज नाही, तुम्हालाच माहीत आहे. हा बियाण्याचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण मी मोठ्या कंपनीचं सांगत नाही, घरचं सांगतो. पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तुम्ही कशी बघता? शंभर दाणे मोजून घेता. ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडता, गुंडाळता, ओल टिकवता, आठवडाभरानं उघडता, आणि कोंब मोजता. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरायला ठीक.

या साध्या गोष्टीत सगळं आहे. दाण्याच्या चकाकीवर कुणी जात नाही. दाण्याकडे बघून 'स्पार्क दिसतो' म्हणत नाही. सगळ्यांना सारखी ओल देतात. ठरलेले दिवस थांबतात. आणि शेवटी मोजतात. शंभरातले तीस उगवणार नाहीत हे धरूनच चालतात, त्यासाठी बियाण्याला शिव्या देत नाहीत. आणि कोरड्या गोणपाटात दाणे ठेवून 'या बियाण्यात दमच नाही' असं कुठलाही शेतकरी म्हणणार नाही. आपण माणसांबद्दल मात्र रोज म्हणतो.

म्हणून मी मालकांना, संस्थाचालकांना, जे कुणी माणूस घेतात त्यांना, तीनच गोष्टी सांगेन. कागदातलं भोक दिसलं तर बाद करण्याआधी एक प्रश्न जास्त विचारा: 'त्या वर्षात तू काय करत होतास?' 'गॅप का?' असं विचारलं की माणूस सफाई देतो, 'काय करत होतास?' असं विचारलं की काम सांगतो. दुसरं, बोलून पारखू नका, करून पारखा. चार-आठ दिवसांचं खरं काम द्या, त्याचे पैसे द्या, सगळ्या उमेदवारांना तेच काम द्या. तिसरं, घेतानाच लिहून ठेवा की सहा महिन्यांत याला काय शिकवणार, आणि त्यानंतर पगार काय, आणि याच्या पुढची पायरी कोणती. तुम्हाला पुढची पायरी लिहिता येत नसेल तर तुम्ही वाढ बघत नाही आहात, स्वस्त माणूस बघत आहात.

आणि एक अट. सगळीकडे हे चालत नाही. महामार्गावर बस चालवणारा, खांबावर चढणारा वायरमन, दवाखान्यात इंजेक्शनचं माप भरणारी सिस्टर. तिथे 'चुकत चुकत शिकेल' म्हणता येत नाही. ज्या चुकीची किंमत शिकणारा आणि शिकवणारा भरतो, तिथे उदार व्हा. ज्या चुकीची किंमत तिसराच भरतो, तिथे कडक राहा, आणि शिकवण्याचा भाग आधीच, हाताखाली घेऊन पुरा करा.

एवढं बोलून थांबतो. तुमचे काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न (एक दुकानदार): सर, तुमचं पटलं. पण मी दोन पोरांना शिकवलं, दोन्ही पुण्याला गेली. आता तिसऱ्याला कशाला शिकवू?

तुमचा त्रास खरा आहे, मी हसण्यावारी नेणार नाही. शिकवण्यात तुमचा वेळ गेला, गिऱ्हाईकं नाराज झाली असतील. पण बघा, सिनेमात माणूस जाणं म्हणजे पळून जाणं. गेला की गुन्हेगार, परत आला की सज्जन. तो तुरुंगाचा नियम आहे, दुकानाचा नाही. शिकलेल्या माणसाला जायचा हक्क आहे. तुम्ही फार तर आधीच बोलून घ्या, की बाबा, दीड वर्ष थांब, जाताना दोन महिने आधी सांग आणि नव्याला शिकवून जा. आणि एक हिशोब मनाशी करा. ती दोघं पुण्याला का गेली? पगारासाठी, की तुमच्याकडे पुढची पायरी नव्हती म्हणून? पहिलं असेल तर तुमचा इलाज नाही. दुसरं असेल तर आहे.

प्रश्न (एक विद्यार्थी): तुम्ही ज्या मुलाला नाकारलं, त्याचं पुढे काय झालं?

मला माहीत नाही. मी मघाशी म्हणालो ना, नाकारलेल्याचा निकाल लागत नाही. मी त्याचा शोध घेतला असता तर कदाचित कळलं असतं. तो मी वेळेवर घेतला नाही. म्हणून तर इथे येऊन हे बोललो.